सुई आणि आपली मुले
(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



ज्या नामदेव महाराजांचे नाव आपण अभिमानाने लावतो, त्यांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सुई, दोरा, कातर आणि गज ही तर आपल्या घरची पिढीजात दौलत. तेव्हा सुईविषयी शिंप्याला काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. परंतु आज आपली मुलेमुली दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांत शिकू लागली आहेत. कोणी हिंगोली-वसमतसारख्या गावी दंतवैद्यांच्या हाताखाली मदतनीस आहेत. त्यांच्या हातची सुई निराळी आहे. आम्ही वैद्य नव्हे, खडू हाती धरण्यातच आमचे आयुष्य गेले. तथापि या विषयावर चार शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

शिवताना सुई टोचली की आपण बोट तोंडात घालतो आणि पुढचा टाका घालू लागतो. ती सुई केवळ कापडातून आलेली असते. दंतवैद्याची सुई मात्र रोग्याच्या हिरडीतून, म्हणजे रक्तातून व लाळेतून आलेली असते. तिच्या पोकळीत राहिलेला रक्ताचा अंश डोळ्यांस दिसतही नाही. त्या अंशातून कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. यांचे विषाणू शरीरात शिरू शकतात. रोगी वरून धडधाकट दिसतो. पुष्कळदा त्यालाही आपल्या रोगाची वार्ता नसते.

हा धोका आजचा नव्हे. १८४७ साली व्हिएन्ना येथील प्राध्यापक कोलेच्का यांस शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील चाकू लागला आणि त्या लहानशा जखमेने त्यांचा अंत झाला. त्यांचे मित्र डॉ. सेमेल्वाइस यांना त्यावरूनच हात स्वच्छ धुण्याचे मर्म उमगले.

कावीळ ब असलेल्या रोग्याची सुई लस न घेतलेल्या शंभर जणांस टोचली, तर सहापासून तीस जणांपर्यंत रोग लागू शकतो. एच.आय.व्ही.च्या बाबतीत हे प्रमाण हजारी सुमारे तीन आहे. लोक भितात दुसऱ्याला. अधिक भ्यावे ते पहिल्याला. आणि सुदैवाने त्यावर लस आहे. पहिली मात्रा, महिन्याने दुसरी व सहाव्या महिन्यात तिसरी, अशा तीन मात्रा रोग्यास हात लावण्यापूर्वीच पुऱ्या व्हाव्यात. कावीळ क वर लस नाही, मात्र आता औषधांनी ती बहुधा बरी होते.

अपघात घडतो तो बहुधा काम संपल्यावर. वापरलेल्या सुईस दुसऱ्या हाताने टोपण बसविताना, किंवा हत्यारे धुताना. टोपण बसवावेच लागले तर ते तबकात ठेवून एकाच हाताने सुईत उचलावे. वापरलेली सुई तत्काळ न भेदणाऱ्या पांढऱ्या पेटीत जावी. २०१६ च्या नियमांनी तसे ठरविलेच आहे. हातमोजे अवश्य घालावेत, पण सुई त्यांतूनही आरपार जाते हे विसरू नये.

इतके करूनही टोचलीच, तर बोट तोंडात घालू नये, दाबून रक्त काढू नये. साबण व वाहते पाणी यांनी जखम धुवावी, वरिष्ठांस सांगावे आणि सरकारी रुग्णालय गाठावे. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधे शक्य तो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ती अठ्ठावीस दिवस घ्यावयाची असतात.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. मुले ही गोष्ट लपवितात. कोणाला गुरुजींच्या रागाचे भय, कोणाला नोकरी जाईल ही धास्ती. मुलीला वाटते, उद्या आपले लग्न कसे जुळेल? अशा लपविण्यात ते मोलाचे तास निघून जातात. सुई टोचणे हा अपघात आहे, कलंक नव्हे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यान्वये संरक्षणाची साधने, शिक्षण व प्रतिबंधक औषधे देणे हे रुग्णसेवा देणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे. तेव्हा ती मागण्यात संकोच कसला?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा वा मुलगी सुटीत घरी येईल तेव्हा गुणांची चौकशी कराच, पण लसीच्या तिन्ही मात्रा झाल्या का, हेही विचारा. "कधी टोचलेच तर आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही," असा शब्द द्या. आपल्या मंडळानेही शिष्यवृत्ती देताना लसीची विचारपूस करावी, अशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.