पुढच्या वर्षी नक्की!
(मंडळाच्या दसरा निधिसंकलन कार्यक्रमात केलेलं भाषण)



व्यासपीठावरून बोलायची आम्हां दोघांनाही सवय नाही. आमचं रोजचं बोलणं होतं ते हेडफोन लावून, आणि त्यातलं निम्मं "माझा आवाज येतोय का?" हेच असतं. पण समितीचा फोन आला : "तुम्ही दरवर्षी लिलावासाठी पाट करून देता, त्याबद्दल दहा मिनिटं बोला." आता पाटावर दहा मिनिटं बसता येतं, बोलायचं काय? मग ठरवलं की पाटांपेक्षा आमच्या यादीबद्दल बोलावं. कारण पाट जमले, यादी जमायला मात्र फार वर्षं लागली.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'वर्कशॉप' नावाचा विषय होता, आठवत असेल तुमच्यापैकी अनेकांना. दोन लाकडांचा एक सांधा करायचा, तोही परीक्षेपुरता. आमच्यापैकी एकाचा जॉब वर्कशॉपच्या मामांनीच करून दिला होता. कोणाचा ते सांगत नाही, घरी जायचंय. तर सुतारकामाचं आमचं शिक्षण एवढंच. पुढे इथे मिशिगनला घर घेतलं, घराबरोबर दोन गाड्यांचं गराज आलं, आणि एक गाडी कायमची बाहेर उभी राहू लागली. जिथे ती राहायची तिथे आता टेबल सॉ आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. भारतात असताना आम्ही त्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचो. 2017 साली पहिल्यांदा खरी हत्यारं मांडली : करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या. फुलं वाहिली, पेढा ठेवला, आणि उत्साहाच्या भरात वर्षभरात काय काय करायचं त्याची यादी केली. जेवणाचं टेबल, देव्हारा, पुस्तकांचं कपाट, झोपाळा... एकूण नऊ वस्तू. इंजिनिअर असल्यामुळे हिशोबही केला. शनिवार-रविवार मिळून आठ तास, बावन्न आठवडे, म्हणजे 416 तास. नऊ वस्तू सहज होतील!

पुढच्या खंडेनवमीला वही उघडली. प्रत्यक्षात भरले होते 71 तास. त्यातले वीसेक तास भुसा झाडण्यात आणि हरवलेली पेन्सिल शोधण्यात गेलेले. नऊपैकी झाली होती एक वस्तू, आणि एक अर्धी.

इथल्या दुकानात 'टू बाय फोर' म्हणून जो वासा मिळतो, तो मोजून बघा. दोन बाय चार इंच नसतोच, दीड बाय साडेतीन असतो. ओलं लाकूड कापलं तेव्हा तो दोन बाय चारच्या आसपास होता. मग वाळला, रंधा मारला गेला, आणि उरला तो एवढा. आमच्या वर्षाचंही तसंच झालं होतं. आम्ही मोजलं होतं ते ओलं वर्ष. त्यातून भारताची वारी गेली, मुलीची आजारपणं गेली, मराठी शाळेचे रविवार गेले, मंडळाच्या तालमी गेल्या. जानेवारी-फेब्रुवारी तर धरायलाच नकोत. सुताराचा पिवळा गोंद साधारण पन्नास अंश फॅरनहाइटच्या खाली नीट धरत नाही, आणि आमच्या गराजमध्ये तेव्हा हात धरत नाहीत.

पण मंडळी, एवढं कळूनही शहाणपण आलं नाही. आम्ही काय केलं? उरलेल्या वस्तू पुढच्या यादीत उतरवल्या, समोर लिहिलं : 'पुढच्या वर्षी नक्की.'

आता मुख्य गोष्ट सांगतो. 2019 च्या यादीत आम्ही मुलीसाठी छोटा पलंग लिहिला. ती तेव्हा तीन वर्षांची. पाळण्याची गादी असते ना, साधारण बावन्न इंच लांब आणि अठ्ठावीस इंच रुंद, तीच गादी बसेल असा बुटका पलंग. लाकूडही मुद्दाम निवडलं, अ‍ॅशचं. आपल्या या भागात 2002 साली एक हिरवा किडा सापडला, आशियातून आलेला. त्याने पुढे अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली. आमच्या ओळखीच्या एकांनी अंगणातलं असंच मेलेलं झाड पाडून फळ्या करून ठेवल्या होत्या. अ‍ॅश म्हणजे ज्याच्या बेसबॉलच्या बॅटी करतात ते. पोरं कितीही नाचली तरी मोडायचं नाही. झाड गेलं तरी त्यावर आपलं लेकरू झोपेल, असं काहीसं मनात होतं.

डोक्याकडची चौकट पहिल्याच महिन्यात झाली. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं टोक, एकही खिळा नाही. फोटो काढून दोन्हीकडच्या आजी-आजोबांना पाठवले. मग नोकरीत रिलीज आली, चौकट भिंतीला टेकवून ठेवली.

2020 मध्ये घरातून काम सुरू झालं. सगळे म्हणाले, आता काय, वेळच वेळ! ज्यांच्या घरी तेव्हा चार वर्षांचं मूल होतं त्यांना त्या वेळेचा अर्थ माहीत आहे. 2021 मध्ये लाकडाचे भाव असे चढले की आम्ही म्हटलं, थोडं थांबू. अ‍ॅशच्या फळ्या तर घरातच होत्या! भावाचा आणि आमचा संबंधच नव्हता. पण न करायचं कारण मिळालं की माणूस ते तपासून बघत नाही. तीन खंडेनवम्या त्या ओळीसमोर आम्ही लिहीत गेलो : पुढच्या वर्षी नक्की.

शेवटी 2022 च्या उन्हाळ्यात हट्टाने बसलो. मुलगी झोपली की गराजमध्ये. एका रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, टेबल सॉवरून लाकडाचा तुकडा उलटा उडाला आणि पोटाला लागला. सुदैवाने काळंनिळं होण्यावर निभावलं. दिवसाही तेच : "आई, बाबा कुठाय?" "गराजमध्ये." "बाबा, आई कुठाय?" "गराजमध्ये." तिच्यासाठीचा पलंग करायला आम्ही तिच्यापासूनच वेळ काढत होतो.

पलंग झाला, आणि खरंच सुरेख झाला. तेल लावल्यावर अ‍ॅशच्या रेघा अशा उठल्या की बघत राहावं. चादर घातली, डोळे झाकून तिला आणलं. तिने बघितलं आणि विचारलं, "हा बाहुलीचा आहे का?"

आम्ही दोघंही गप्प.

ती सहा वर्षांची झाली होती. उशी घेऊन झोपली की पाय खालच्या पट्टीला टेकायचे. तिचा दोष नव्हता. तिने तिचं काम वेळेवर केलं होतं, ती वाढली होती. आम्ही 2019 ची मापं घेऊन 2022 मध्ये पलंग बांधला. कामावर रोज 'रिक्वायरमेंट बदलली' म्हणून ओरडणारे आम्ही दोघं, पण घरात ती बदलतेय हे तीन वर्षांत एकदा टेप लावून बघितलं नाही. दोनेक महिने ती आमचं मन राखायला त्यावर झोपली. मग एके दिवशी उशी उचलून पाहुण्यांच्या खोलीत गेली.

त्या खंडेनवमीला यादी केली नाही. रंध्याला फूल वाहिलं आणि बसलो बोलत. थोडं भांडलोही. आणि मग काही गोष्टी ठरवल्या, त्या आजवर पाळतोय. कोणाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो. सुतारकामच हवं असं नाही, पेटी शिकायची असो की पुस्तक लिहायचं असो.

पहिली गोष्ट, यादीत तीनच वस्तू. एक घरासाठी, एक दुसऱ्या कोणासाठी, आणि एक शिकण्यासाठी, म्हणजे बिघडली तरी चालेल अशी.

दुसरी, तास धरायचे ते मागच्या वर्षी खरोखर भरले तेवढेच. आमचे सत्तरच्या आसपास भरतात. सत्तर म्हणजे सत्तर.

तिसरी, रात्री नवानंतर यंत्र बंद. काम करायचंच तर हाताच्या हत्यारांनी. रंध्याचा आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्याला उठवत नाही, आणि वीस मिनिटांतही चार सालपटं निघतात. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शनिवारी ती पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसते, त्यामुळे "कुठाय?" हा प्रश्न संपला.

चौथी, सहामाही परीक्षा. दसऱ्यापासून सहा महिन्यांनी येतो गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी हे दोन वर्षाचे साधारण दोन भाग करतात, आणि इथलं गराजही पाडव्याच्या सुमारासच गरम व्हायला लागतं. त्या दिवशी वही उघडायची आणि जे होणार नाही ते लाज न बाळगता खोडायचं. पुढे ढकलायचं नाही, खोडायचं. खोडलं की ते डोक्यावर बसत नाही.

आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. जी गोष्ट वाढत्या मुलासाठी आहे ती सगळ्यात आधी. टेबल थांबेल, कपाट थांबेल. मूल थांबत नाही.

तुमच्यासमोर मांडलेले सहा पाट ही यंदाची 'दुसऱ्या कोणासाठी' वस्तू. मिशिगनच्या मेपलचे आहेत. पहिल्या वर्षी आम्ही केलेले दोन पाट फेब्रुवारीत तडकले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा दमट, हिवाळ्यात हीटरने कोरडी ठाक. फळी रुंदीत फुगते आणि आकसते, आणि आम्ही खालच्या पट्ट्या गोंदाने पक्क्या चिकटवून टाकल्या होत्या. आकसायला जागाच नाही, म्हणून फाटली. आता पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, फळीला हलायला वाव देतो. घराच्या वेळापत्रकालाही तीच युक्ती लागू पडते असं आमचं मत झालंय.

आता ज्यासाठी आपण जमलो आहोत त्याकडे येतो. आपलं मंडळ यंदा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाला मदत करतंय. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. किती माणसं आली असं नाही मोजत, किती कोयते आले असं मोजतात.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आपण खंडेनवमीला हत्यार पाटावर मांडून त्याला फूल वाहतो, आणि हौस म्हणून यादी करतो. त्याच दिवसांत तिकडे एक जोडपं स्वतःच हत्यार म्हणून मोजलं जातं आणि घराला कुलूप लावून निघतं. परत यायचं साधारण पाडव्याच्या सुमारास. आमची जी सहामाही, तीच त्यांचीही.

मूल बरोबर गेलं तर शाळेचं जवळजवळ सबंध दुसरं सत्र जातं. उसाच्या फडावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं. दोन-तीन हंगाम असे गेले की मग शाळेत परत जायला लाज वाटते, कारण वर्गातली बाकीची पुढे गेलेली असतात. गावातच राहायला-जेवायला सोय झाली, तर ते मूल शाळेत टिकतं. प्रश्न एवढाच आहे, आणि तो आत्ताचा आहे. हंगाम सुरू व्हायला काही आठवडे उरलेत.

देणग्यांचीही एक 'पुढच्या वर्षी नक्की'ची यादी आपल्या सगळ्यांकडे असते. आमच्याकडेही होती. घराचा हप्ता जरा कमी होऊ दे, बोनस होऊ दे, मुलं जरा मोठी होऊ देत. पण यंदा जी मुलगी सहा वर्षांची आहे ती पुढच्या वर्षी सात वर्षांची असेल, आणि तिची पहिली इयत्ता तिला पुढच्या वर्षी परत मिळणार नाही. उशिरा केलेला पलंग कितीही सुंदर झाला तरी तो बाहुलीचाच होतो, हे आम्ही पाहिलंय.

तेव्हा टेबलावरचे फॉर्म आज इथेच भरा, घरी नेऊ नका. घरी नेलेल्या फॉर्मचं काय होतं ते आम्हांला ठाऊक आहे, आमच्या गराजमध्येही दोन सापडले. आणि तुमची कंपनी देणगीइतकीच रक्कम स्वतः घालते का, ते सोमवारी विचारा. अनेक कंपन्या घालतात, पण त्याला मुदत असते.

त्या पलंगाचं काय झालं, तेवढं सांगून थांबतो. खालची पट्टी काढली, चौकटीची उंची थोडी कापली, आणि दारापाशी बूट घालायला बाक केला. आमच्याकडे आलेले तुम्ही बहुतेक सगळे त्यावर बसलेले आहात. रोज सकाळी मुलगी त्यावर बसून शाळेचे बूट घालते. दर काही महिन्यांनी पाय जमिनीवर जरा जास्त टेकलेले दिसतात. आम्ही बघतो, आणि घाईने यादी काढतो.

यंदाची यादी काल झाली. पहिल्या ओळीत तिचं अभ्यासाचं टेबल आहे. माप परवाच घेतलं.