चिमुकल्या सैनिकांची बैठक

समई कितीही घडीव असली, तरी तिची बैठक डगमगती असेल तर ती देवापुढे लावता येत नाही. हाच न्याय खेळातल्या सैनिकांनाही लागू पडतो. दिवाळीत अंगणात किल्ला उभारणाऱ्या मुलांना तो कोणी शिकवावा लागत नाही. मातीच्या मावळ्याच्या पायांखाली कुंभाराने चकती कशासाठी ठेवली, हे किल्ल्याच्या ओल्या उतारावर मावळा उभा करताना त्यांच्या आपोआप ध्यानात येते. युरोप व अमेरिका या खंडांत अशाच चिमुकल्या सैनिकांनी मेजावर लढाया खेळण्याचा छंद प्रौढ माणसांतही रूढ आहे. सैनिक निवडणे सोपे आणि रंगवणे आनंदाचे. परंतु त्यांना बैठक कोणती द्यावी, ती घरी करावी की विकत आणावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या छंदाच्या इतिहासातच त्या प्रश्नाचे मर्म आहे. प्रशियाचे सरदार फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रीड्रिश विल्हेल्म याला युद्धखेळाचे एक मेज सादर केले. पुढे त्यांच्या सैन्याधिकारी पुत्राने १८२४ मध्ये खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याचा खेळ आठ हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर चाले. नकाशावर मनुष्याकृती नव्हत्याच. होते ते लहान ठोकळे. पलटण प्रत्यक्ष रणांगणावर जेवढी जागा व्यापील, तेवढीच जागा तिच्या ठोकळ्याने त्या प्रमाणात व्यापावी, अशी योजना होती. म्हणजे या खेळात बैठक आधी आली आणि सैनिक मागाहून तिच्यावर चढला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१३ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा खरोखरीच डागल्या जात आणि जो शिपाई आडवा होई तो मेला असे समजत. त्या काळच्या शिशाच्या शिपायांची बैठक त्यांच्याबरोबरच ओतलेली असे. अशा खेळात बैठकीचे काम एवढेच, की शिपायाने तोफेच्या माऱ्याखेरीज अन्य कारणाने पडू नये. पुढे फाशांनी निकाल लावण्याची पद्धत सर्वत्र रुळली आणि बैठकीचे महत्त्व पालटले. शिपाई उभा राहतो की नाही, यापेक्षा तो किती जागा अडवतो, हे निर्णायक ठरू लागले.

हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. दोन फौजा दोनशे मिलिमीटर रुंदीच्या आघाडीवर समोरासमोर उभ्या आहेत. एका फौजेतील प्रत्येक शिपायाची बैठक वीस मिलिमीटर रुंद आहे, दुसरीतील पंचवीस. पहिलीचे दहा शिपाई पुढच्या रांगेत येतील, दुसरीचे आठच. शौर्य, शस्त्रे, फासे सारे समान असूनही दुसरी फौज एकपंचमांश दुबळी ठरली, आणि तीही केवळ लाकडाच्या एका तुकड्यापायी! म्हणूनच नियमकर्ते बैठकीचे माप कटाक्षाने ठरवून देतात. १९९० साली ब्रिटनमधील ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘डी. बी. ए.’ या नियमावलीत तर गणना शिपायांची नसून बैठकांचीच आहे. संपूर्ण सैन्य म्हणजे बारा बैठका. पंधरा मिलिमीटर उंचीच्या शिपायांसाठी प्रत्येक बैठक चाळीस मिलिमीटर रुंद. दाट रांगेने लढणारे पायदळ असेल तर तिच्यावर चार शिपाई, विखरून लढणारे असेल तर दोन. पराभव झाला की एकेक शिपाई नव्हे, सबंध बैठकच मेजावरून उचलावयाची.

माप असे नियमाशी जखडलेले असल्याने नियम बदलला की खेळाडूवर संकट येते. ‘वॉरहॅमर’ या १९८३ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या खेळात सामान्य मानवी पायदळाची बैठक वर्षानुवर्षे वीस मिलिमीटर चौरस होती. २०१५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या खेळाने गोल बैठका आणल्या. पुढे २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुन्या धर्तीचा खेळ पुन्हा निघाला, तेव्हा चौरस बैठका परतल्या, पण मानवी पायदळासाठी माप पंचवीस मिलिमीटर झाले. ज्यांनी कित्येक वर्षांच्या रात्री खर्चून शेकडो शिपाई रंगवले व पक्क्या गोंदाने चिकटवले, त्यांची काय अवस्था झाली असेल! कित्येकांनी सुटे शिपाई न उखडता, खाचा पाडलेल्या मोठ्या तबकात जुन्या बैठका बसवून अंतर भरून काढले.

आता घरगुती उद्योगाकडे वळू जाता, त्याला सामान अल्प लागते. जाड पुठ्ठा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवुड, लोखंडी वॉशर, इतकेच काय, इंग्लंडात तांब्याचा मुलामा दिलेली पेनीची नाणीसुद्धा या कामी येतात. मात्र दोन गोष्टींत नवशिक्याची फसगत होते. पहिली करवतीची. सगळ्या रेघा एकदाच आखून कापत गेल्यास प्रत्येक वेळी करवत आपल्या जाडीइतके लाकूड खाते. एकेका बैठकीत अर्धा मिलिमीटर चुकला, तरी दहांच्या रांगेत पाच मिलिमीटरांची तफावत पडते. यास्तव एक तुकडा कापल्यावरच दुसऱ्याची रेघ आखावी. दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. त्याच्या एकाच अंगाला पाण्याचा गोंद व रेती लावली की तो वाळताना वाकडा होतो. दोन्ही अंगे आधी रंगाने बंद करावीत आणि वजनाखाली वाळू द्यावे.

विकतच्या बैठकांचा गुण म्हणजे माप. लेसर यंत्राने कापलेल्या एम. डी. एफ.च्या शंभर बैठका शंभरही सारख्या निघतात. शिवाय एम. डी. एफ. घरी कापताना उडणारी बारीक धूळ छातीला अपायकारक असते. तोंडावर मुसके बांधल्यावाचून ते काम करू नये. दोष एवढाच, की खर्च शिपायांच्या संख्येबरोबर वाढत जातो आणि मोठी फौज उभी करताना तो जाणवतो.

तेव्हा विवेक असा, की ज्या खेळात प्रतिपक्षाशी माप जुळलेच पाहिजे, तेथे बैठक विकत घ्यावी अथवा अत्यंत काळजीपूर्वक कापावी. घरच्या घरी दोघेच खेळत असतील, तर दोन्ही फौजांना एकच माप देऊन पुठ्ठ्यावर भागवावे. त्यात न्यायाला बाधा येत नाही. जाडी दोन मिलिमीटरांहून कमी ठेवू नये, म्हणजे शिपाई हलवताना बोटे बैठकीच्या कडेला धरतील, रंगवलेल्या भाल्याला नव्हे. खाली लोखंडी पत्रा लावून पेटीत चुंबकपत्रा अंथरला, तर प्रवासात शिपाई एकमेकांवर आपटत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की शिपाई बैठकीला पाण्याने सुटणाऱ्या पांढऱ्या गोंदानेच चिकटवावा. नियम बदलतील, खेळगडी बदलतील, कदाचित फौजही दुसऱ्या हाती जाईल. अशा वेळी बैठक भिजवून सोडवता आली, म्हणजे रंगवणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत. बैठक ही शिपायाहून स्वस्त वस्तू आहे, आणि बदलण्याची पाळी आली तर ती तिच्यावरच यावी, हे उत्तम.