पाय झोपला की वारं गेलं?



आरंभीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात राहणारा, महाविद्यालयात मुलांना शिकवणारा एक साधा प्राध्यापक आहे. तेव्हा दुखण्याखुपण्याच्या विषयावर मी बोलावे, हे कुणाला आगाऊपणाचेही वाटेल. पण ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो ना? माझे अक्षरशः जळले होते. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. सोयाबीनची सोंगणी चालू होती आणि मजूर मिळत नव्हते. मी नुकताच तापातून उठलो होतो, अंगावरचे मांस उतरले होते. तरी वाटले, दादाला तेवढाच हातभार. विळा घेतला, एक पात धरली आणि उकिडवा बसून सरकत सरकत दुपारपर्यंत सोंगत राहिलो. डाव्या पायाला मुंग्या आल्या, पण म्हटले, येतात मुंग्या, उठल्यावर जातील.

जेवायला उठलो, तर पाऊल वर उचलेचना! गुडघा वाकत होता, मांडी हलत होती. पण पाऊल मात्र ओल्या फडक्यासारखे खाली लोंबत होते. चार पावले टाकली, तर चप्पल मागेच राहिली आणि ते मला कळलेही नाही. आईने पाहिले आणि हंबरडाच फोडला, "अगं बाई, माझ्या लेकराच्या अंगावरून वारं गेलं!"

मग काय, सारी वस्ती गोळा झाली. कुणी तेल चोळा म्हणाले, कुणी शेक द्या म्हणाले. आईने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पावलावर धरली. "लई भाजत न्हाई ना रे?" ती पुनःपुन्हा विचारी. मी म्हणे, "नाही, आई." खरेच भाजत नव्हते, कारण भाजल्याचे सांगणारी नसच तेव्हा गप्प झाली होती. संध्याकाळी पाहतो तो पावलावर केवढा तरी मोठा फोड!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पायाकडे पाहिलेच नाही. म्हणाले, "हसून दाखवा." हसलो. "दोन्ही हात पुढे करा, डोळे मिटा." केले. "नाव-गाव सांगा." सांगितले. मग म्हणाले, "आता चवड्यांवर उभे राहा." राहिलो. "टाचांवर चाला." ते मात्र डाव्या पायाला जमेना. तेव्हा डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, हे वारं नाही. तुमची नस दबली आहे."

श्रोतेहो, गुडघ्याच्या जरा खाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला हाडाचे एक बोंड हाताला लागते. आत्ताच चाचपून पाहा. त्या हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू खाली जातो. पाऊल आणि बोटे वर उचलण्याचे काम त्याचे. नडगीच्या बाहेरच्या बाजूची आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदनाही त्याचीच. तिथे त्याच्यावर फक्त कातडीचे पांघरूण असते. उकिडवे बसले की तो ताणला जातो, दबतो. थोडा वेळ दबला तर मुंग्या येऊन जातात. तासन्तास दबला तर आठवडेच्या आठवडे रुसून बसतो. दुखण्याने वाळलेल्या माणसाला हा धोका अधिक, कारण होती नव्हती ती चरबीची गादीही गेलेली असते. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांना हाच त्रास होतो. तिकडे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काश्मीरकडे गुलमर्गला बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो. तिथल्या टणक बुटांनी पाय आवळला की पाऊल असेच बधिर होते. बर्फ असो की सोयाबीनचे रान, दबलेल्या नसेचे गाऱ्हाणे एकच.

माझे पाऊल सहा आठवड्यांनी पूर्ववत उचलू लागले. नस आतून तुटली असती तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर, अशा गतीने ती वाढली असती आणि महिनेच्या महिने गेले असते. तोवर पाऊल उचलून धरणारा पट्टा आणि व्यायाम, एवढाच इलाज. विटेचा डाग मात्र अजून आहे.

इथवर गोष्ट गंमतीची वाटेल. पण पुढचे ऐका, कारण त्यासाठीच मी आज बोलतो आहे.

माझी ही हकिकत मी आमच्या गल्लीत हौसेने सगळ्यांना सांगितली होती. पुढच्या वर्षी एका सकाळी शेजारचे एक काका उठले, तो उजवा पाय जड, उजवा हातही जड, बोलणे अडखळते. घरची मंडळी म्हणाली, "सरांसारखंच असेल, अंगाखाली दबलं असेल. पडू द्या थोडं, जाईल." काका दुपारपर्यंत पडून राहिले. रुग्णालयात पोहोचेतो संध्याकाळ झाली. जीव वाचला, पण त्यांचा उजवा हात आजही घास उचलत नाही. माझी गोष्ट खरी होती, पण मी ती अर्धीच सांगितली होती. हे मला लागून राहिले आहे. आज उरलेली अर्धी सांगतो.

हात आणि पाय एकाच बाजूचे गेले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, आणि हे अचानक घडले, तर तो मेंदूचा झटका समजावा. सगळीच लक्षणे दिसायला हवीत असे नाही. यातले एकही अचानक दिसले तरी पुरे. तिथे तेल नाही, शेक नाही, वाट पाहणे नाही. तोंडात पाणीही घालू नये, ठसका लागून छातीत जाते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो अशा मोठ्या रुग्णालयात गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला, हे घड्याळ पाहून लक्षात ठेवावे. मुंग्या आपोआप गेल्या, हात पुन्हा हलू लागला, तरीही त्याच दिवशी दाखवावे. पुष्कळदा ती मोठ्या झटक्याची आगाऊ वर्दी असते.

दुसरी खूण कंबरेची. कंबर दुखून पाय बधिर झाला आणि त्याबरोबर बसण्याची जागा सुन्न झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तीही तातडीचीच बाब आहे.

आता सावकाश येणारे बधिरपण. दोन्ही पायांच्या बोटांपासून मोजा चढवावा तसे ते वर चढत असेल, तळव्यांची आग होत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापूस फिरवलेला कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगही गुडघ्याजवळच्या याच नसेला धरतो. त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि रोग बरा होतो. यात लपवण्यासारखे काही नाही.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी एक गोष्ट जगाच्या ध्यानात आणून दिली. कुष्ठरोग्याची बोटे काही रोग खात नाही. बधिर हातापायांना इजा झालेली कळत नाही, आणि त्या जखमांपायी बोटे झडतात. वेदना ही आपली राखणदार आहे. ती झोपली की राखण डोळ्यांनी करावी लागते. बधिर पायाने अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. रोज रात्री तळवा आरशात पाहावा. पाण्याचा ऊनपणा पायाने नव्हे, कोपराने अजमावावा. आणि तापवलेली वीट? तिला चुलीतच राहू द्यावे.

शेतावरच्या बहिणींना आणि भावांना एवढेच सांगणे, की खुरपताना, सोंगताना मधूनमधून उठावे, पाय झटकावेत, चार पावले टाकावीत. मुकादमाने त्याला कामचुकारपणा म्हणू नये. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनी विसाव्याला आधी पाय पाहावेत, मग चहा घ्यावा. आणि शिक्षकबंधूंनो, मुलांना उकिडवे बसवून ठेवण्याची शिक्षा २००९ च्या कायद्याने तर बंदच आहे. ती नसेलाही घातक आहे, हेही ध्यानात ठेवा. हसून दाखव, हात पुढे कर, नाव सांग, ही परीक्षा वर्गात एकदा खेळ म्हणून घ्या. घरात ऐन वेळी मोठी माणसे गोंधळतात. एखादे दहा वर्षांचे पोर म्हणेल, "आजोबा, हसून दाखवा बरं," आणि हात वाचेल.

आमच्या काकांना हे कुणी विचारले नाही. विचारायला हवे होते ते मीच. तुमच्या घरी ते विचारले जावे, एवढ्यासाठी हा वेळ घेतला.