मोफत, फुकट आणि वर्गणी

(१९९६ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना "संगणक क्षेत्रातलं मोठं नाव" असं काहीतरी म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी इंजिनियरिंग केलं आणि तेव्हापासून बहुतेक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. संयोजकांनी मला "डिजिटल युगातील वाचन" असा भारदस्त विषय दिला होता. तो आवळून मी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयापुरता घेतला आहे. जेवणाचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

त्या वाचनालयाच्या दारावर "मुक्तद्वार वाचन विभाग" अशी पाटी आहे. आपण शाळेत जाता-येता ती रोज वाचली, पण तिचा अर्थ फार थोड्यांनी विचारला असेल. अर्थ साधा आहे. आत या, बसा, वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचा, कोणी पैसे मागणार नाही, सभासद आहात का हेही विचारणार नाही. वर्गणी आणि अनामत लागते ती पुस्तक घरी नेण्यासाठी.

ती तरी का लागते? आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवरच सगळं चालतं. गंमत म्हणजे देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात १९४५ साली झाला होता, आणि रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ पासूनचं आहे. म्हणजे आगगाडी यायच्या आधी आपल्याकडे वाचनालय आलं.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. तुम्ही ऑनलाइन एखादं पुस्तक घेतलंत की खाली "तुम्हाला हेही आवडेल" असं येतं. यामागचं गणित ढोबळमानाने असं असतं की तुमच्यासारखी खरेदी करणाऱ्या इतरांनी आणखी काय घेतलं ते तुम्हाला दाखवायचं. ते वाईट नाही, पण त्याला विक्री कळते. पुस्तक विसाव्या पानावर बंद पडलं, हे त्याला कळेलच असं नाही. आपल्या वाचनालयातल्या ग्रंथपाल ताईंना कळतं. पुस्तक परत देताना त्या चेहरा बघतात. "नाही ना जमलं?" एवढंच विचारतात आणि आत जाऊन दुसरं घेऊन येतात.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमातली, नववीत. मराठी वाचताना दमते. सुट्टीत तिला घेऊन गेले. माझा बेत 'श्यामची आई'चा होता. ताईंनी माझ्याकडे दुर्लक्ष करून तिला विचारलं, शाळेत कुठला विषय आवडतो? ती म्हणाली, भौतिकशास्त्र. हातात पडलं जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. विज्ञानकथा, त्याही छोट्या. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला, वय उलटून गेलं असलं तरी. तिसऱ्या खेपेला ताईंनी दिला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण पेणजवळच्या वरसईचा एक भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो काय आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडतो काय, हे तिला एखाद्या वेब सिरीजसारखं वाटलं. भाषा अडली तिथे तिने मला विचारलं, मला अडली तिथे आम्ही दोघींनी कोश उघडला.

तो कोश मोबाइलवरचा होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर शब्द शोधता येईल असा ठेवला आहे. मराठी विश्वकोश पूर्ण मोफत आहे, केतकरांचा ज्ञानकोशही आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. आणि खास आपल्या वयासाठी सांगते, १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर ठेवलेत, जुनी पाठ्यपुस्तकंही ठेवलीत. आपली मराठीची पुस्तकं शोधा. मी एका रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये काय दिवे लावले ते विचारू नका.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. आपल्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला कोणीतरी "पु. लं.ची सर्व पुस्तके, मोफत" अशी फाइल टाकतं. ती मोफत नाही, फुकट आहे. आणि या दोन शब्दांत फरक आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' त्याच्याही आधी. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईने ते लिहिलंय. वाचलं नसेल तर आजच उतरवून घ्या. पु. ल. २००० साली गेले. त्यांची पुस्तकं २०६१ मध्ये खुली होतील. तोवर आपण बहुधा नसू. पण वाचनालयात 'व्यक्ती आणि वल्ली' आत्ता आहे, आणि वर्षाची वर्गणी सहकुटुंब हॉटेलात एकदा जेवायला जितके पडतात त्याहून कमी.

आता आईचं सांगते. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्या हातचे पोहे खाल्लेत. तीस वर्षं ती आठवड्यातून दोनदा कापडी पिशवी घेऊन वाचनालयात जायची. गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने तिला मधोमध दिसेनासं झालं. कडेचं दिसतं, पण ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जातं. तिने पिशवी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवून दिली. त्या घडीकडे बघवेना.

मग शोधाशोध केली. २०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे. तसा पुरावा देऊन नोंदणी करावी लागते. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर आपला स्वामित्वहक्क कायदा अशा व्यक्तींसाठी पुस्तकं ऐकण्याजोग्या स्वरूपात आणायला मुभा देतो, म्हणजे हे फुकट नाही, खरंखुरं मोफत आहे. शिवाय आता फोन मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचून दाखवतो. जोडाक्षरांवर अडखळतो. आई त्याला "नीट वाच रे" म्हणते.

पण तिला पुस्तकाबरोबर ती फेरीही हवी होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ताईंच्या आलं. त्यांनी निरोप पाठवला, बुधवारी या. वाचनालयाच्या वर अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. त्यांतला एक मुलगा मुक्तद्वार विभागात तासभर तिला पेपर वाचून दाखवतो. त्याची चालू घडामोडींची तयारी होते, आईचा अग्रलेख होतो. तो 'श' आणि 'ष' सारखाच म्हणतो, तेही ती सुधारते आहे. पिशवी पुन्हा बाहेर आली. आता तिच्यात पाण्याची बाटली आणि त्या मुलासाठी लाडू असतात.

हे मी इथे एवढ्यासाठी सांगितलं की वाचनालयाची सभासदसंख्या दरवर्षी घटते आहे. अभ्यासिका भरलेली, पुस्तकांची दालनं रिकामी. ताईंचा पगार सांगितला तर तुम्ही अवघडाल, म्हणून सांगत नाही. त्या दोन वर्षांत निवृत्त होतील, आणि सभासदच नसतील तर त्यांच्या जागी कोण आणि कशासाठी येईल?

आपल्या तुकड्यांनी निधी जमवला आहे आणि त्यातून शाळेला कमान बांधायची असं बहुतेकांचं मत आहे. कमानीला माझा राग नाही. पण शाळेला फाटक आहे, ते उघडतं आणि मिटतं. माझा प्रस्ताव असा आहे की या पैशातून आपल्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांची वाचनालयाची वर्गणी आणि अनामत भरावी. अनामत परत मिळते, ती पुढच्या वर्षीच्या मुलांना लावता येईल. उरलेल्यात ताईंनी दिलेल्या यादीतली पुस्तकं घ्यावीत. यादीतलीच. घरातल्या जुन्या गाइड्स आणि वाळवी लागलेले दिवाळी अंक कृपा करून देणगी म्हणून नेऊ नका. ते नाकारताना त्यांना फार जड जातं.

गटावर एकाने विचारलं, आपलं नाव कुठे दिसणार? देणगीच्या पुस्तकात आतल्या पानावर दात्याच्या नावाची चिठ्ठी लावतात. अक्षर लहान असतं, हे मान्य.

सभासदत्वाचे अर्ज चहाच्या टेबलाजवळ ठेवलेत, पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आईवडिलांच्या नावाने भरले तरी चालतील. कमान की वाचनालय, याच्या चिठ्ठ्या जेवणानंतर गणिताच्या सरांकडे द्यायच्या आहेत. ते स्वतः मोजणार आहेत, तेव्हा कोणी दोनदा टाकू नका, हातचे त्यांना बरोबर कळतात.