जुन्या पिकअपच्या पत्र्याचा शोध



भंगारबाजारात गेलेला मनुष्य दुकानदाराला प्रथम जो प्रश्न विचारतो तो बहुधा असा असतो : "जीपचा दरवाजा आहे का?" दरवाजा मिळतो, पैसे चुकते होतात, आणि घरी आणल्यावर बिजागरीची भोके अर्धा इंच चुकलेली आढळतात. यात दुकानदाराने फसवले असे म्हणता येत नाही. प्रश्नच अपुरा होता. ‘जीप’ हे एका गाडीचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे, आणि एका कुळातील भावंडांचे कपडे एकमेकांना येतातच असे नाही.

येथे ज्या पिकअपचा विचार करावयाचा आहे ती एफसी-150 होय. ‘एफसी’ म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चालक पुढच्या आसाच्या वर बसतो, इंजिन दोन आसनांच्या मध्ये येते आणि मागची लांबी हौद्यासाठी मोकळी राहते. अमेरिकेतील टोलेडो येथे विलीज कंपनीने 1956 च्या अखेरीस ही गाडी आणली. तिचे रेखाटन ब्रूक्स स्टीव्हन्स यांचे. तेथील उत्पादन 1965 मध्ये थांबले. भारतात 1947 पासून जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने हीच गाडी एफसी-150, आणि पुढे एफसी-160, या नावांनी बनवली.

या गाडीचे खालचे अंग सीजे-5 या जीपवरून घेतलेले असल्यामुळे इंजिन आणि गिअर यांच्या भागांसाठी फारसे अडत नाही. अडते ते पत्र्याशी. साध्या जीपचे बॉनेट, मडगार्ड, पुढची जाळी यांतले काहीही या पिकअपच्या कामाचे नाही, कारण तिला तसे नाकच नाही. म्हणून केबिन असलेला दाता शोधावा लागतो, आणि तेथेही सावधगिरी हवी. अमेरिकन एफसी-170 ही 150 ची थोरली बहीण. दोन आसांमधील अंतर 150 मध्ये 81 इंच, तर 170 मध्ये 103.5 इंच, तथापि केबिन मूलतः एकच. तेव्हा परदेशातून दरवाजा किंवा काच मागविणाऱ्याला 170 चा आधार घेता येतो, हौदा मागविणाऱ्याला मात्र येत नाही. त्यातही 1958 मध्ये 150 च्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर वाढविण्यात आले. नाव तेच, चेहरा तोच, पण चाके बाहेर सरकलेली! चाकावरच्या पत्र्याचे माप म्हणूनच वर्ष पाहिल्याशिवाय पक्के धरू नये. भारतीय 160 चा हौदाही फीत लावल्याखेरीज घेऊ नये.

झाशीच्या परिसरात आणखी एक मोह संभवतो. शेजारी बबिन्याची लष्करी छावणी आहे, आणि लष्कराने निकामी ठरविलेल्या गाड्या लिलावाने बाहेर पडतात, हे सर्वश्रुत आहे. हिरव्या रंगाखाली सगळ्या सारख्याच भासतात. परंतु जोंगा ही जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून तयार झालेली गाडी जपानच्या निस्सान पेट्रोलवरून घेतलेली होती. तिचा पत्रा कितीही शाबूत असला, स्वस्त असला, तरी विलीजच्या कुळाशी त्याचे नाते नाही. असा भाग कापून, ठोकून बसविणारे कारागीर आहेतच. पण त्यातून निपजते ती तिसरीच गाडी.

दाता कोठून आला याचीही चौकशी करावी. मुंबई-कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेली केबिन वरून चकचकीत दिसते आणि पायाखालची जोडपट्टी टाचणीने टोचली तरी आत जाते. बुंदेलखंडाच्या कोरड्या उन्हात पडून राहिलेल्या गाडीचा रंग जातो, रबर तडकते, पण पत्रा बराच वाचतो. कुरूप दिसणारी केबिन अशा वेळी खरा सौदा ठरते.

दाता मिळालाच नाही तर डेंटरकडून भाग घडवून घ्यावा लागतो. त्यात जाडीची काटकसर होऊ नये. 18 गेजचा पत्रा सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेजचा सुमारे 0.9, जुन्या पत्र्याचा शाबूत तुकडा मोजून मगच नवा आणावा. बोल्टचे प्रकरण तर याहून फसवे आहे. या गाड्यांचे आटे इंची मापाचे आहेत. पाच-सोळांश इंची बोल्ट 7.94 मिलिमीटरचा; त्यामुळे 8 मिलिमीटरचा बोल्ट हातात घेतला की तोच वाटतो, दोन फेरे फिरतोही, आणि मग आटे मोडतो.

जुळवणीत घाई होते ती दरवाज्यापाशी. दरवाजा लागत नाही म्हणून बिजागरी वाकविली जाते. वस्तुतः केबिनखालचे रबर बसलेले असते, किंवा चासीच पिळलेली असते. आधी चासीचे कर्ण मोजावेत, मग केबिन रबरावर ठेवून सैल बांधावी, दोन्ही दरवाजे टांगून फट सारखी करावी, काच बसविण्यापूर्वी तिची चौकट तपासावी आणि शेवटी बोल्ट आवळावेत. रंगाला हात यानंतर.

कागदांचा विचार मात्र पहिला पत्रा विकत घेण्यापूर्वीच करावयास हवा. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली अव्यावसायिक वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये ठरले. चासी, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तिची गाठ येथेच बसते, आणि ती परिवहन कार्यालयात सोडवून घेतल्याशिवाय दात्यासाठी दिल्ली-कानपूर गाठण्यात अर्थ नाही.

कापून काढलेला कुजका भाग तूर्त भंगारात घालू नये. फाळक्यावरच्या उठावाच्या रेषा, भोकांमधील अंतरे, कडेची दुमड यांचा दुसरा नमुना गावात नसतो. नवा भाग गाडीवर चढून दरवाजे-फाळके नीट लागू लागले, की मग जुना वजनावर विकावा.