गवतकापणी यंत्राची निगा आणि साठवण



भिवंडी तालुक्यातील वरकस जमिनी आश्विनात पुरुषभर गवताने भरून जातात. एके काळी हे गवत वाळवून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे पाठविले जात असे. ते विळ्याने कापले जाई. विळ्याला धार लावून, तेलाचा हात फिरवून तो आढ्याला खोचला, की पुढील हंगामापर्यंत त्याची चिंता नसे. आता विळ्याच्या जोडीला पेट्रोलवर चालणारे, खांद्याला अडकवायचे गवतकापणी यंत्र आले आहे. शाळेचे आवार, आरोग्य उपकेंद्राचा परिसर, स्मशानभूमीची वाट आणि रस्त्यांच्या कडा स्वच्छ ठेवण्यास ते फार उपयोगी पडते. परंतु विळ्याप्रमाणे ते नुसते खोचून ठेवता येत नाही. हे यंत्र कामाने झिजते त्याहून अधिक, स्वस्थ पडून बिघडते.

याचे मुख्य कारण टाकीत राहिलेले पेट्रोल हे होय. दीर्घकाळ साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. त्यातच फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली असून आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. त्यामुळे धातूला गंज चढतो आणि रबरी नळ्या कमकुवत होतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा धोका अधिक.

हंगाम चालू असताना निगा थोडी, पण नित्याची असावी. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये विशिष्ट तेल मिसळावे लागते. प्रमाण ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर तेल लागते. आपल्या यंत्राचे प्रमाण त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, अंदाजाने ओतू नये. चार-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे भरतात; त्याची पातळी रोज तपासावी. हवेची जाळी धूळ व गवताच्या भुशाने भरते, ती वरचेवर साफ करावी. पात्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी, हा नियम कधीही मोडू नये.

कापणी संपल्यावर साठवणुकीची तयारी पुढील क्रमाने करावी. प्रथम मोकळ्या जागी, विस्तवापासून दूर, टाकी रिकामी करावी. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. चार-स्ट्रोक यंत्रातील जुने तेल इंजिन कोमट असतानाच काढून नवे भरावे. जुने तेल शेतात वा विहिरीजवळ ओतू नये. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालावे, दोरी दोन-तीनदा हळूच ओढावी व प्लग पुन्हा बसवावा. पाते साफ करून धार लावावी आणि तेल चोळावे. शेवटी यंत्र कापडाने झाकून लाकडी फळीवर, कोरड्या खोलीत ठेवावे. युरिया किंवा मिठाच्या पोत्यांशेजारी ते ठेवू नये. ती ओल धरतात व लोखंड गंजते. इंजिनाच्या पंख्याजवळ उंदीर घरटे करीत नाहीत ना, हेही अधूनमधून पाहावे.

ही सारी कामे अर्ध्या दिवसाची आहेत. तरीही ती राहून जातात, कारण सार्वजनिक यंत्र वापरणारे अनेक आणि सांभाळणारा कोणीच नसतो. या बाबतीत भिवंडीच्या यंत्रमागांकडून धडा घेण्याजोगा आहे. तेथे माग बिघडला की तो कोणी पाहायचा, हे ठरलेले असते. ते काम जॉबरचे. ग्रामपंचायतीनेही एका कर्मचाऱ्याकडे यंत्र सोपवावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राची खरेदी नोंदली जातेच. त्याबरोबर एक साधी वही ठेवून तीत चालविल्याचे तास, तेलबदल आणि साठवणुकीची तारीख लिहावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मे महिन्यात यंत्र एकदा सुरू करून पाहावे, म्हणजे दुरुस्तीला अवधी मिळेल.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात, आणि पहिल्या पावसानंतर पंधरवड्यातच आवारात गवत माजते. त्या गवतात साप, विंचू असतात आणि त्यातून वाट काढणारी मुले बहुधा अनवाणी असतात. त्या दिवशी यंत्र पहिल्या ओढीला सुरू व्हावे, यासाठी कार्तिकातला तो अर्धा दिवस खर्ची घालावा.