फिट, मेंदूचं ऑपरेशन आणि त्यानंतरचं वर्ष



संयोजकांनी मला कॉम्प्युटर क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर बोलायला सांगितलं होतं. त्यांच्या परवानगीनं विषय बदलते. माझा धाकटा भाऊ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याला फिट यायच्या. कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. पुढे त्याचं मेंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून देवगावहून मला फोन येतात, "ताई, डोकं उघडल्यावर माणूस नीट राहतो का?" मी डॉक्टर नाही. जे पाहिलं, वाचलं, ते सांगते.

बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. त्यांना ऑपरेशन लागत नाही. पण योग्य अशी दोन औषधं पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही फिट थांबत नसतील, तर गोळ्या बदलण्यात वर्षं घालवू नका. या काळात माणूस चुलीवर पडतो, विहिरीत पडतो, शाळा सुटते. संभाजीनगरच्या न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा, "ऑपरेशनसाठी तपासणी करायची का?"

तपासणी सोपी नसते. रुग्णाला काही दिवस दाखल करून, गोळ्या कमी करून फिट येऊ देतात. डोक्याला वायरी, समोर कॅमेरा. याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. घरच्यांना बघवत नाही. पण बिघाड घडताना पाहिल्याशिवाय तो कुठून सुरू होतो ते कळत नाही, हे आम्हा इंजिनिअरांना चांगलं ठाऊक आहे. शिवाय एमआरआय, स्मरणशक्तीच्या आणि भाषेच्या चाचण्या होतात. फिट सुरू होणारी जागा सापडली आणि ती काढल्यानं मोठं नुकसान होणार नाही असं दिसलं, तरच डॉक्टर पुढे जातात. काहींना "नाही" असं उत्तर मिळतं. तीही तयारी ठेवा.

हे काही परदेशातलंच काम नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशी ऑपरेशनं होतात. दिल्लीच्या एम्सनं २०१७ साली ११६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या फिट औषधांना दाद देत नव्हत्या. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. मात्र ऑपरेशन झालेल्या दर तिघांपैकी एकाला गंभीर त्रासही झाला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या एका अंगात कमजोरी आली, आणि मेंदूच्या त्या भागाचं ऑपरेशन असल्यानं ती अपेक्षित होती. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा, "माझ्या माणसाचं नेमकं काय जाऊ शकतं?"

ऑपरेशननंतर डोळा सुजतो, डोकं दुखतं, कानशिलाजवळ टाका असेल तर भाकरी चावताना जबडा दुखतो. थकवा काही आठवडे टिकतो. कुणाला नावं पटकन आठवत नाहीत, कुणी उदास होतं. उदासी दिसली तर डॉक्टरांना सांगा. तोही उपचाराचाच भाग आहे. आणि ऑपरेशन झालं म्हणून गोळ्या बंद होत नाहीत. डॉक्टर सांगेपर्यंत, बहुधा वर्ष-दोन वर्षं, एकही चुकवायची नाही. गाडी, पोहणं, विहिरीचं काम त्यांना विचारूनच.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

लग्नाची काळजी आईबापांना सर्वांत जास्त असते. अपस्मारामुळे लग्न रद्द ठरवण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढली आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा मदतगट उभा केला. तिथे असे रुग्ण एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात.

शेवटी सरांना आणि मॅडमना विनंती. वर्गात फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. आणि बरं वाटलं की त्याला त्याच्याच बाकावर बसवा.